तुरीएवढी गोळी, हरभऱ्याएवढी गोळी

आमच्या आईला एक हिशेब अजून पटलेला नाही. दादा म्हणायचा, नऊची गोळी मोठी. मी म्हणायचे, बावीसची बारीक असली तरी कामाची. आई भाकरी थापता थापता हात थांबवायची.

"बावीस बारीक अन् नऊ मोठं? कोन्या साळंत शिकलात रे तुमी?"

मग दादा तिला समजावून सांगायला बसायचा. पॉइंट बावीस म्हणजे एका इंचाचे शंभर भाग केले तर त्यातले बावीस. आणि नऊ म्हणजे नऊ मिलिमीटर, पोरांच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर असतात तसल्या रेघा. आईच्या चेहऱ्यावर काही हलायचं नाही. शेवटी एकदा दादानं कणगीपाशी जाऊन दोन दाणे आणले आणि तिच्या तळहातावर ठेवले. "ही तूर. बावीसच्या गोळीची जाडी एवढी. अन् हा हरभरा. ही माझी नऊ."

"मग तूर अन् हरभरा म्हना की," आई म्हणाली, आणि तवा फिरवला.

तेव्हापासून आमच्या घरात पिस्तुलाच्या गोळ्यांना हीच नावं पडली.

आमचं गाव रेणापूर तालुक्यात. वडील पाटबंधारे खात्यात कालव्यावर चौकीदार होते. आमच्या आज्याच्या आणि त्याच्या आधीच्यांच्या हातात हत्यार म्हणून जे काही आलं ते दुसऱ्याच्या शेतातल्या राखणीची काठी आणि विळा. त्या घरातून दादा फौजेत गेला. तो सुट्टीवर यायचा तेव्हा वडील त्याला वर्दी घालून एकदा तरी गावातून चालत जायला लावायचे. दादा लाजायचा. वडील मात्र चार पावलं मागून यायचे, काही न बोलता, आणि कुणी "जय भीम" घातला की दादाच्या आधी वडीलच उत्तर द्यायचे.

मी दादापेक्षा बरीच लहान. तो हवालदार होऊन फौजेतून निवृत्त झाला, लातूरला घर केलं आणि औशाच्या एका बँकेत बंदूकधारी रक्षक म्हणून लागला. मी नांदेडला पोलिसात शिपाई म्हणून भरती झाले, पुढं खात्यातली परीक्षा देऊन फौजदार झाले. माझं सासर मुखेडकडचं. भरती झाले तेव्हा वडील नव्हते. आईनं माझ्या वर्दीची इस्त्री स्वतः केली होती, तांब्यात निखारे घालून. लाइट होती, इस्त्रीही होती घरात. पण तिला तशीच करायची होती.

प्रशिक्षणात पहिल्यांदा नाईन एमएमचं पिस्तूल हातात आलं, तेव्हा मी खुशीत होते. वजनदार, थंड, काळं. आमच्या तुकडीतल्या बाकीच्या मुली घाबरत होत्या आणि मी मनात म्हणत होते, माझा भाऊ फौजी आहे, मला काय भ्यायचं. पहिली गोळी झाडली. हात आभाळाकडे गेला, कानात शिट्टी वाजली आणि कागदावर काहीच नव्हतं. दुसरी गेली ती समोरच्या मातीत. त्या दिवशी माझ्या कागदावर जी काही भोकं पडली ती सगळी खाली डाव्या कोपऱ्यात, कुणी मूठभर धान्य फेकून मारावं तशी.

सुट्टीला लातूरला गेले आणि दादाला सांगितलं. तो हसला नाही. उठून पाण्यानं काठोकाठ भरलेला स्टीलचा तांब्या घेऊन आला.

"हात समोर सरळ धर. तांब्या धर. पानी हलतंय ना? ते थांबूस्तोर हालायचं न्हाई."

पाणी थांबेना. माझा खांदा भरून आला. वहिनी स्वयंपाकघरातून बघत होती. दादा म्हणाला, "धक्क्याला भिऊन राहिलीस तू. धक्का गोळी गेल्यावर येतो, बाई. गोळी गेली म्हंजे तुझं काम संपलं. मग हात कुटं बी जाऊ दे."

शहाणपण खरं होतं, पण हाताला ते कळत नव्हतं. परत गेल्यावर आमच्या निदेशकांनी एक युक्ती केली. निदेशक म्हणजे आम्हाला नेमबाजी शिकवणारे साहेब, वयानं पोक्त, आवाज कधी न चढवणारे. त्यांनी माझ्या मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांत मधेच एक खोटं काडतूस घालून दिलं. कितवं ते सांगितलं नाही. मी झाडत गेले. एकदा घोडा ओढला आणि नुसतंच टक वाजलं. गोळी नव्हती, आवाज नव्हता, धक्का नव्हता, आणि तरी माझ्या पिस्तुलाचं नाक झटकन खाली गेलं होतं. सगळ्यांनी ते पाहिलं.

"धक्का पिस्तुलात न्हवता," साहेब शांतपणे म्हणाले. "कुठं होता?"

मी आपल्या मनगटाकडे पाहिलं. त्यांनी माझ्या हातातलं नाईन एमएम काढून घेतलं आणि खेळाच्या सरावाचं पॉइंट बावीसचं पिस्तूल दिलं. तुरीएवढी गोळी. आवाज म्हणजे वाळलेली काटकी मोडावी इतका. हात जागचा हलत नव्हता. मग पुढचे काही आठवडे मी तेवढंच केलं: श्वास अर्धा सोडायचा, नळीच्या टोकावरची माशी, म्हणजे नेमाचा खुंट, नजरेत धरायची, घोडा असा ओढायचा की गोळी कधी सुटेल ते आपल्यालाच कळू नये. हळूहळू भोकं कोपऱ्यातून निघाली आणि मधल्या काळ्या वर्तुळात जमायला लागली. परत नाईन एमएम हातात दिलं तेव्हा ते पिस्तूल तेच होतं, धक्का तेवढाच होता, पण मी आता त्याची वाट बघत नव्हते.

तिथून मी बावीसची झाले, ती झालेच.

दादाला हे कळल्यावर त्याला आपला अपमान झाल्यासारखं वाटलं. तो जेवायला बसला की सुरू व्हायचा. "बावीस म्हंजे खेळनं. त्यानं मानूस थांबत न्हाई. समोरचा लई चवताळलेला असला ना, त्याला तुझी तूर लागली हे घरी गेल्यावर कळंल."

"आधी लागली तर पाहिजे," मी म्हणायचे. "तुझा हरभरा पहिला चुकला की दुसरा मारायला हात खाली येईस्तोर माझ्या चार गोळ्या बसतात. अन् जागेवर बसतात."

"जागेवर बसून काय करती? पाव्हनी हाय का ती?"

आई म्हणायची, "आधी जेवा. मंग मारा एकमेकाला."

असं वर्षानुवर्षं चाललं. दादाचा अनुभव सरहद्दीवरचा होता. तिथं गोळीनं काय करायचं असतं ते त्यानं पाहिलं होतं, आणि त्याबद्दल तो फार बोलायचा नाही. माझा अनुभव कागदाच्या वर्तुळांचा. तरी माझं म्हणणं मी सोडत नव्हते. मोठ्या गोळीचा आवाज आणि धक्का माणसाची चूक झाकून टाकतो. नेम चुकला की म्हणता येतं, पिस्तूल उडालं. बारीक गोळी असली सवलत देत नाही. चुकलं ते तुमचंच चुकलेलं असतं.

पुढं माझी जिल्हा पोलिसांच्या संघात निवड झाली आणि परिक्षेत्राच्या स्पर्धा नांदेडला भरल्या. दादा सकाळच्या एसटीनं लातूरहून निघाला आणि ऐन वेळेला मैदानावर पोचला. अंगावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, पायात फौजेतले बूट. प्रेक्षकांत शेवटच्या खुर्चीवर ताठ बसला.

मी पंचवीस मीटरवर बावीसनं खेळत होते. सगळ्याच जणी त्याच गोळीनं खेळत होत्या. माझा हात त्या दिवशी असा स्थिर होता की मला स्वतःचं नवल वाटत होतं. शेवटी गुण मोजायला पंच कागदाशी गेले. नियम असा की भोकाची कड वरच्या वर्तुळाच्या रेघेला नुसती टेकली तरी वरचा गुण मिळतो. माझं एक भोक नऊच्या आणि दहाच्या मधल्या रेघेपाशी होतं. पंचांनी भिंग लावलं, मापाची सळई घालून पाहिली, दुसऱ्या पंचांना बोलावलं. रेघ आणि भोक यांच्यात केसाएवढी पांढरी फट राहिली होती. नऊ. पहिला नंबर एका गुणानं गेला.

मी पदक घेऊन दादाकडे आले. रुपेरी होतं. मला हसू आवरत नव्हतं, कारण पहिल्याच स्पर्धेत पदक घेऊन यायचं म्हणजे काही थोडकं नव्हतं. दादानं माझा कागद मागून घेतला, डोळ्याजवळ धरला, आणि त्या भोकावर बोट ठेवून बराच वेळ पाहिलं.

"हरभरा असता तर रेघेला लागला असता," तो म्हणाला.

"दादा, हरभरा असता तर हे भोक कागदाच्या बाहेर गेलं असतं."

तो एकदम हसला. इतका की बाजूचे लोक बघायला लागले. मग त्यानं तो कागद चौघडी न घालता गुंडाळला आणि शर्टाच्या आत ठेवला. जाताना एसटीत शेजारच्या माणसाला त्यानं तो दाखवला होता. मागच्या सीटवर आमच्या गावचा एकजण होता, त्यानं मला सांगितलं. शेजारच्याला म्हणे दादानं सांगितलं, "पंचवीस मीटरवरून. हे बगा. सगळी सुपारीएवढ्या जागेत."

पुढच्या वर्षी मी पहिली आले. पण सांगायला मला अजूनही ते रुपेरी पदकच आवडतं.

दादाचं म्हणणं मला खऱ्या अर्थानं कळलं ते फौजदार झाल्यावर, मुखेडच्या बाजूच्या एका गावात. शेताच्या बांधावरून भावाभावांत भांडण झालं होतं, आणि धाकट्यानं मोठ्याला कत्तीनं, आमच्याकडच्या लांब कोयत्यानं, मारून जखमी केलं होतं. जखमीला दवाखान्यात पाठवून आम्ही धाकट्याच्या मागावर निघालो. तो कापसाच्या शेतात दबून बसला होता. उन्हाची वेळ. माझ्यासोबत एक हवालदार होते, निवृत्तीला आलेले, गुडघ्यानं अधू. ते पुढं गेले आणि तो माणूस त्यांच्याच समोर उभा राहिला. हातात तीच कत्ती. डोळे असे की त्यात ओळख म्हणून काही उरली नव्हती.

हवालदारांना मागं फिरता येईना. तो त्यांच्याकडे चालायला लागला. मी नाईन एमएम काढलं, दोन्ही हातांनी धरलं आणि त्याच्या छातीवर नेम लावला.

"थांब. खाली टाक ते."

तो थांबला नाही. मी पुन्हा म्हणाले, आधीपेक्षा हळू. मला आठवतं, मोठ्यानं ओरडावंसं मला वाटलंच नाही. माशी त्याच्या सदऱ्याच्या गुंडीवर होती आणि हलत नव्हती. घोड्यावर बोट होतं. आणि तेव्हा त्यानं माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडाकडे पाहिलं असं म्हणता येणार नाही, नळीच्या भोकाकडे पाहिलं. तसाच पाहत राहिला. मग त्याच्या हातातली कत्ती गळून पडली आणि तो खाली बसला, कापसाच्या झाडांत, गुडघ्यात डोकं घालून.

गोळी झाडावी लागली नाही. मला त्याचा अभिमान आहे. आतापर्यंतच्या नोकरीत मी माणसावर गोळी झाडलेली नाही, आणि तशीच निवृत्त झाले तर त्यापरतं मोठं पदक मला नको.

ठाण्यात आणल्यावर त्याला चहा दिला. बराच वेळ तो कप नुसता धरून बसला. मग म्हणाला, "बाई, त्या भोकात मला माजंच मढं दिसलं."

दुसऱ्या दिवशी मी दादाला फोन केला आणि सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग विचारलं, "बावीसचं असतं तर?"

मी खोटं बोलू शकले नसते. त्या माणसाच्या अंगात जो राग होता, त्याला तुरीएवढी गोळी लागली असती तरी तो हवालदारांपर्यंत पोचला असता. आणि बावीसच्या नळीचं भोक पाहून तो बसला असता की नाही, देव जाणे. "हरभराच पाहिजे होता, दादा," मी म्हणाले.

मला वाटलं आता तो जिंकल्याचा आनंद करेल. पण तो म्हणाला, "हात थरथरला का तुझा?"

"न्हाई."

"ते तुरीनं शिकिवलं," दादा म्हणाला. "ते बी खरंच हाय की."

आमच्या भांडणात दोघांनी एकाच फोनवर हार मानली, असं तेव्हा एकदाच झालं.

त्यानंतर काही वर्षांनी, एका सकाळी बँक उघडायच्या वेळेला दादाच्या खांद्यावरून बारा बोअरची बंदूक घसरली. तिला धरायला तो उजवा हात उचलायला गेला आणि हात उचललाच गेला नाही. बँकेतल्या लोकांनी त्याला खुर्चीवर बसवलं, तोवर तोंडही वाकडं झालं होतं. लगेच लातूरला आणलं म्हणून जीव वाचला. अर्धांगवायूचा झटका. पाय पुढं बराच सुधारला, थोडा ओढत का होईना चालायला लागला. बोलणं पूर्ववत झालं. उजवा हात मात्र राहिला. बोटं उघडायची, मिटायची, पण त्यांत धरायचं बळ नव्हतं.

नोकरी सुटली. परवान्याची बंदूक ठाण्यात जमा झाली. ती जमा करायला तो स्वतः गेला, वहिनीला बरोबर येऊ दिलं नाही.

मी सुट्टी काढून गेले तेव्हा वहिनी मला दारातच हळू आवाजात म्हणाली, "चौकात जात न्हाईत. पेपर वाचत न्हाईत. फौजेतल्या मित्राचे फोन आले तर मलाच न्हाई म्हनायला लावतेत. तुमीच बोला जरा."

दादा आत पलंगावर बसला होता. मी काही समजुतीचं बोलले नाही, कारण समजूत घातलेली त्याला कधीच खपली नाही. स्वयंपाकघरात गेले, तांब्या काठोकाठ भरला आणि त्याच्या डाव्या हातात दिला.

"हात सरळ धर. पानी थांबूस्तोर हालायचं न्हाई."

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की आता तांब्या अंगावर येतो की काय, असं वाटलं. पण हात पुढं केला. पाणी त्याच्या पायजम्यावर, पलंगावर, जमिनीवर सांडलं. वहिनी पुसायला आली तर तो म्हणाला, "राहू दे. भर पुन्ना."

लातुरात एका जुन्या गोदामात एअर पिस्तूलची रेंज चालते. महिन्याभरानं मी त्याला तिथं नेलं. एअर पिस्तुलात दारू नसते, दाबलेल्या हवेच्या जोरावर छर्रा सुटतो. दादानं तो छर्रा चिमटीत धरून पाहिला. तुरीपेक्षाही बारीक.

"ही तर ज्वारी हाय," तो म्हणाला. "जत्रंत फुगे फोडत्यात ती बंदूक. मी फौजेत काढलेली वर्षं आता हितं आली."

"फुगा तर फोडून दाखव."

पहिल्या दिवशी त्याला कागदही लागला नाही. छर्रे मागच्या पत्र्यावर टणटण वाजत होते. आयुष्यभर उजव्या हाताचा आणि उजव्या डोळ्याचा माणूस. पिस्तूल डाव्या हातात गेलं तरी नजर उजवीच धरायची, त्यामुळे मान तिरकी करावी लागायची आणि खांदा वळायचा. शेजारच्या जागेवर शाळकरी मुली सराव करत होत्या आणि त्यांचे कागद छान दिसत होते. दादा घामानं भिजला. मला वाटलं, संपलं हे.

दोन दिवसांनी वहिनीचा फोन आला. "एकटेच गेलेत. शर्टाला इस्त्री करून मागितली."

त्यानंतर मी नांदेडहून फोन करायचे आणि तो मला आपल्या चुका सांगायचा. आधी कधी सांगितल्या नव्हत्या इतक्या. "आज मनगट वाकत होतं." "आज श्वास सोडायच्या आधीच बोट गेलं." एकदा म्हणाला, "बाई, ह्यात लपायला जागाच न्हाई. आवाज न्हाई, धूर न्हाई. आपलीच चूक कागदावर बसून आपल्याकडं बगती." हे वाक्य मी त्याला जेवताना कितीदा ऐकवलं होतं. पण ते त्याचंच आहे असं त्याला वाटत होतं, आणि ते तसंच असलेलं बरं.

वर्ष उलटलं तेव्हा त्याचे छर्रे काळ्या वर्तुळाबाहेर क्वचितच जात होते. मग तो नांदेडला माझ्याकडे राहायला आला आणि तिथल्या क्लबमध्ये प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली पॉइंट बावीसवर हात बसवायला लागला. पहिल्या दिवशी गोळी हातात घेऊन म्हणाला, "ही आता मला लई मोठी वाटून राहिली." डाव्या एका हातानं, तेही आजारातून उठलेल्या माणसानं, नाईन एमएम धरलं असतं तर दुसऱ्या गोळीला नेम राहिला नसता. बावीसचा धक्का तो हात पेलत होता. त्यानं हे मला तोंडानं सांगितलं नाही. पण एकदा सराव संपल्यावर पिस्तूल खाली ठेवून, त्याच्यावर तळहात ठेवून तो जरा वेळ तसाच उभा राहिला.

मग नांदेडला विभागीय स्पर्धा भरल्या, त्यात दिव्यांग गट होता. दादानं नाव दिलं. आईला गावाहून आणलं, वहिनी लातूरहून आली. मी त्या दिवशी वर्दीत नव्हते, साडीत होते, प्रेक्षकांत शेवटच्या खुर्चीवर. माझ्या स्वतःच्या स्पर्धेत माझ्या हाताला कधी घाम आला नव्हता. त्या दिवशी रुमाल ओला झाला.

त्याच्या गटात खुर्चीवर बसून खेळणारे होते, कुबडीला टेकून खेळणारे होते. दादा उभा राहून खेळला. सावकाश झाडायच्या फेरीत तो चांगला होता, अगदी चांगला. भराभर झाडायच्या फेरीत मात्र त्याचा हात दमला. काही गोळ्या खाली उतरल्या. मी माझ्या जागेवरून पाहत होते, आणि प्रत्येक गोळीला त्याचं मनगट काय करतंय ते मला कळत होतं. एका टप्प्यावर त्यानं पिस्तूल खाली टेकवलं, मान हलवली, मिळालेल्या वेळातला थोडा वेळ नुसता उभा राहण्यात घालवला. मग उरलेल्या गोळ्या अशा मारल्या की शेजारी बसलेल्या प्रशिक्षकानं माझ्याकडे वळून भुवया उंचावल्या.

तिसरा नंबर आला. वरचे दोघं त्याच्यापेक्षा तरुण होते आणि बरीच वर्षं खेळत होते.

पदक द्यायला बोलावलं तेव्हा तो पाय ओढत व्यासपीठावर चढला. पाहुण्यांनी गळ्यात पदक घातलं. तो दोन पावलं मागं सरला, टाचा जुळवल्या आणि मग त्यानं उजवा हात उचलायला सुरुवात केली. डावा धडधाकट होता, पण सलामी डाव्या हाताची नसते. हात कमरेपर्यंत आला, छातीपर्यंत आला. थरथरत होता. बोटं पूर्ण सरळ होत नव्हती. पाहुण्यांना आधी कळेना काय चाललंय, ते हात मिळवायला पुढं झाले, आणि मग कळल्यावर तिथंच थांबले. सगळे थांबले. हात हनुवटीच्या वर गेला, गालाशी आला, आणि कानाच्या थोडा खाली अडला. तिथं त्यानं तो धरून ठेवला. फौजी जेवढा वेळ धरतो तेवढा पूर्ण वेळ. मग खाली घेतला.

वहिनी पदरानं डोळे पुसत होती. आई मात्र ताठ बसली होती. मला म्हणाली, "तुझा बाप असता तर चार पावलं मागून चालला असता."

मी मान हलवली.

आता दादाचं स्वतःचं एअर पिस्तूल आहे. तयार मिळते ती मूठ त्याच्या डाव्या हाताला नीट बसत नव्हती, म्हणून मागच्या महिन्यात त्यानं लातुरातल्या एका सुताराकडून नवी करवून घेतली. मी सहज गेले होते, तर मलाही सोबत घेऊन गेला. सुतार कानस घेऊन बसला होता आणि दादा त्याच्या डोक्यावर उभा. थोडं घासलं की दादा मूठ हातात घ्यायचा, डोळे मिटायचा, हात सरळ करायचा आणि परत द्यायचा. "अंगठ्यापाशी जरा घास. न्हाई, लई नको. एवढंच." सुतार कंटाळला होता, पण मनापासून करत होता. मी कोपऱ्यात लाकडाच्या ओंडक्यावर बसले होते.

मधेच सुतारानं मान वर करून विचारलं, "ह्या कोन, काका? तुमच्या घरच्या का?"

दादानं हात सरळ धरलेलाच होता, डोळे मिटलेले.

"ही माझी भैन," तो म्हणाला. "नांदेडात फौजदार हाय. पिस्तूल तिनंच शिकिवलं मला."